जुन्या जीपेकरितां बॅटरीची पेटी घरीं कशी करावी

आमच्या कृषक बंधूंपैकीं पुष्कळांच्या वाड्यांत किंवा गोठ्याच्या पडवींत एखादी जुनी जीप उभी असते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनीं मुंबईस विलिस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. तेव्हांपासून ह्या गाडीचें आमच्या शेतरस्त्यांशीं जें नातें जडलें तें अद्यापि तुटलेलें नाहीं. बाजारीं माल नेण्याचें तिचें काम आतां नव्या वाहनांनीं घेतलें असलें, तरी सवडीच्या वेळीं ती खोलावी, घांसावी, रंगवावी, आणि सणावारीं तिच्यांतून गांवाबाहेर एक फेरी मारून यावी, ही हौस अनेकांस आहे. ह्या हौसेच्या योगें घरांतील मुलांस यंत्रविद्येचे पहिले धडे मिळतात. म्हणून ती स्तुत्यहि आहे.

अशा गाडींत बहुधा मूळचें पेट्रोलचें इंजिन काढून तेथें डिझेलचें इंजिन बसविलेलें असतें. (हा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास अनुसरून परवानगीनें करावा व नोंदपुस्तकांत दाखल करून घ्यावा, हें सांगणें नलगे.) डिझेल इंजिनास फिरविण्यास मोठी बॅटरी लागते, आणि बॉनेटखालीं तिला जागा उरत नाहीं. मग बॅटरी मागील भागांत नेतात व तिच्यासाठीं घरच्या घरीं एक पेटी ठोकतात. इंजिनावर महिनेच्या महिने खपणारा मनुष्य ही पेटी मात्र एका दुपारीं उरकून टाकतो. सर्वांत अधिक हयगय होते ती येथेंच.

पेटीचें काम बॅटरी लपविणें हें नव्हे. तिचीं कामें तीन आहेत : बॅटरीस घट्ट धरणें, तिच्या वायूस वाट देणें, व तिच्या उघड्या धातूस झांकणें. ह्यांपैकीं तिसरें काम सर्वांच्या लक्षांत येतें, पहिलें कांहींच्या, आणि दुसरें बहुधा कोणाच्याच येत नाहीं. म्हणून त्याचाच विचार प्रथम करूं.

बॅटरीचा वायु :— शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुनःपुन्हां भरतां येईल अशी बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते ह्यांनीं १८५९ सालीं प्रथम सिद्ध केली. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर बसला, आणि तेव्हांपासून बॅटरी हा मोटारीचा एक अवयवच होऊन बसला. रचनेंत पुष्कळ सुधारणा झाल्या; परंतु मूळ रसायन तेंच राहिलें. बॅटरी पूर्ण भरल्यानंतरहि तींत प्रवाह जात राहिला, म्हणजे तो प्रवाह आंतील पाण्याचें विघटन करूं लागतो, व त्यापासून हायड्रोजन आणि प्राणवायु हे दोन वायु निघतात. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब भरतांना सुमारें १४.४ व्होल्टांच्या वर गेला कीं हें विघटन जोरानें होतें. कान लावला असतां बुडबुड्यांचा जो आवाज येतो तो ह्याच वायूंचा होय.

हायड्रोजनास रंग नाहीं, वास नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत असेल तर एक ठिणगी पुरते. आतां थोडा हिशेब करूं. प्रत्येक घरांत एक अँपियर प्रवाह एक तास जादा वाहिला, तर सुमारें ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. बॅटरीस घरें सहा. तेव्हां ५ अँपियर प्रवाहानें एका तासांत साडेबारा लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. पुढें ज्या मापाची पेटी सांगितली आहे तींत बॅटरी ठेवल्यावर मोकळी हवा सुमारें ७ लिटर उरते. ती पेटी गच्च बंद असेल, तर शेंकडा ४ ची मर्यादा दीड मिनिटांच्या आंत ओलांडली जाते. प्रवाह अवघा एक अँपियर असला तरीहि सात मिनिटें पुरतात. ज्या पेटीचें झांकण उत्तम बसतें, ती पेटी सर्वांत वाईट, असा ह्याचा अर्थ होतो.

स्वानुभव :— प्रस्तुत लेखकास हें ज्ञान पुस्तकांतून झालें नाहीं. माझी पहिली पेटी पत्र्याची होती. तिच्या झांकणास मीं सभोंवार रबराची पट्टी लावली होती, आणि पावसाचा एक थेंबहि आंत जात नाहीं म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत असें. एके रात्रीं चार्जरच्या तारा झांकणाखालून आंत घेऊन बॅटरी भरावयास लावली. सकाळीं माझ्या पुतण्यानें झांकण उचललें, आणि चार्जर बंद न करतांच टर्मिनलवरचा चिमटा ओढला. बंदुकीसारखा आवाज झाला. बॅटरीचें एक अंग फुटून आम्ल त्याच्या तोंडावर व छातीवर उडालें. सुदैवानें गुरांचा हौद दहा पावलांवर होता. त्यास तेथें बसवून, डोळे बोटांनीं उघडे धरून, तांब्यामागून तांब्या पाणी घालीत राहिलों. मग दवाखान्यांत नेलें. त्याची दृष्टि वांचली. हनुवटीखालीं एक डाग राहिला आहे. चूक त्या मुलाची नव्हती. ज्यानें पेटीस वाट ठेविली नाहीं व चार्जर आधीं बंद करावा हें ज्यानें त्यास शिकविलें नाहीं, त्याची होती.

जागेची निवड :— विलिस पद्धतीच्या जुन्या जीपेंत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीं असे. आपल्या गाडींत टाकी कोठें आहे तें पाहून पेटी तिच्यापासून दूर, शक्य तर विरुद्ध बाजूस, मागील चाकाच्या कमानीलगत बसवावी. धुराड्याची नळी त्या जागेखालून जात नाहीं हें वांकून पहावें. पेटी आसनाखालीं कोंबूं नये. जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडींत बॅटरी मागील आसनाखालीं असे. टर्मिनलवरचें आच्छादन हरवलेलें असतां मनुष्य बसल्यावर आसनाच्या स्प्रिंगा टर्मिनलांस टेंकून आसनें पेटल्याचे प्रकार प्रसिद्ध आहेत. येथें सांगितलेली पेटी कापडी टपाच्या किंवा उघड्या गाडीकरितां आहे. टप पत्र्याचा असून दारें-खिडक्या बंद होत असतील, तर बॅटरी बैठकीच्या भागांत ठेवूंच नये.

साहित्य :— सागवानाच्या २० मि.मी. जाडीच्या फळ्या किंवा तितक्याच जाडीचा मरीन प्लाय, ८ मि.मी. जाडीच्या, दोन्ही टोंकांस आटे पाडलेल्या लोखंडी सळया दोन, १० मि.मी. चे बोल्ट चार, ५ मि.मी. जाडीची व ४० मि.मी. रुंदीची लोखंडी पट्टी, ३ मि.मी. जाड पत्र्याचे ७५ मि.मी. चौरस तुकडे चार, जाड रबर, ब्लॅक जपान रंग, व गंज न धरणारे स्टीलचे स्क्रू. पितळी किंवा साधे लोखंडी स्क्रू आम्लाच्या वाफेनें लौकर खातात.

मापें :— प्रथम आपली बॅटरी मोजावी. आमची बॅटरी ३०५ मि.मी. लांब, १७० मि.मी. रुंद व टर्मिनलांसह २२५ मि.मी. उंच असून तिचें वजन सुमारें २० किलो आहे. चारी बाजूंस सुमारें १२ मि.मी. व वरती ५५ ते ६० मि.मी. मोकळी जागा राहील अशा बेतानें पेटीचें आंतील माप ३३० × १९५ × २८५ मि.मी. धरलें. त्याकरितां लांब बाजू दोन, प्रत्येकी ३७० × २८५. आंखूड बाजू दोन, प्रत्येकी १९५ × २८५. तळ ३७० × २३५. व झांकण ४१० × २७५, अशा फळ्या कापाव्या. झांकण चारी बाजूंस २० मि.मी. बाहेर येतें, तें पन्हाळीप्रमाणें पाणी बाहेर टाकण्यासाठीं होय.

कृति :— (१) दोन्ही लांब बाजूंस, तळापासून ३० मि.मी. उंचीवर, एक इंच व्यासाचीं चार चार भोंकें गिरमिटानें पाडावीं. आठ भोंकांचें क्षेत्रफळ मिळून सुमारें ४० चौरस सें.मी. होतें. वर काढलेल्या ५ अँपियरच्या हिशेबास इतकी वाट पुरी पडते. हा हवेचा प्रवेशमार्ग झाला.

(२) हायड्रोजन हवेपेक्षां पुष्कळ हलका असल्यामुळें तो वर चढतो. म्हणून त्याची बाहेर जाण्याची वाट अगदीं वरच असली पाहिजे. झांकणाच्या चारी कोपऱ्यांखालीं १० मि.मी. जाडीचे लांकडी ठोकळे बसवावे, म्हणजे झांकण व पेटी ह्यांमध्यें सभोंवार बोटभर फट राहते. ह्या फटीस रबर, फोम, चिंध्या, कांहींहि लावूं नये. धूळ आंत जाईल हें खरें. ती महिन्यांतून एकदां पुसतां येते.

(३) फळ्या जोडण्यापूर्वीं तळास एका कोपऱ्यांत १२ मि.मी. चें भोंक पाडून त्यांत रबरी नळी बसवावी. सांडलेलें आम्ल ह्या नळीनें गाडीखालीं उतरावें. नळीचें तोंड ब्रेकच्या नळ्यांवर किंवा सांगाड्यावर येऊं देऊं नये.

(४) पेटी जोडून झाल्यावर आंतून बाहेरून ब्लॅक जपानचे तीन हात द्यावे व प्रत्येक हात पूर्ण वाळूं द्यावा. डांबरी जातीचा हा रंग आम्लास चांगला तोंड देतो. फळ्यांचे कांठ व भोंकांच्या आंतील बाजू विसरूं नयेत. लांकूड तेथूनच कुजूं लागतें.

(५) तळावर ५ मि.मी. जाडीचें रबर अंथरावें. आंतील चारी कोपऱ्यांत १२ मि.मी. जाडीचे उभे ठोकळे बसवावे, म्हणजे बॅटरी आडवी सरकत नाहीं व भोंवतालीं हवाहि खेळती राहते.

धरण्याची योजना :— घरगुती पेट्यांचा दुसरा मोठा दोष असा कीं, बॅटरी पेटींत ठेवलेली असते आणि पेटी गाडींत ठेवलेली असते. गाडीस घट्ट बांधलेलें असें कांहींच नसतें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडींतील वस्तूच्या अंगीं जो आवेग असतो, तो ती वस्तु सव्वासहा मीटर उंचीवरून खालीं पडल्यानें येणाऱ्या आवेगाइतका असतो. अशी गाडी झाडावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबली, तर २० किलोची बॅटरी सुमारें अडीचशें किलोंच्या जोरानें पुढें ओढ घेते. मागें बसविलेल्या बॅटरीच्या पुढें कोण बसलेलें असतें, तें प्रत्येकानें आठवावें.

म्हणून लांकडाच्या बळावर विसंबूं नये. पेटी चार बोल्टांनीं गाडीच्या तळास आवळावी, व प्रत्येक बोल्टाखालीं गाडीच्या खालच्या बाजूनें ७५ मि.मी. चा चौरस तुकडा घालावा; नुसत्या वायसरवर आवळलेला बोल्ट जुना पातळ पत्रा फाडून वर येतो. ह्याशिवाय दोन सळया लांब बाजूंच्या मध्यावर, बॅटरी व फळी ह्यांमधील जागेंतून, पेटीचा तळ व गाडीचा पत्रा भेदून खालीं न्याव्या, आणि तेथें त्या लोखंडी पट्टीस नटांनीं बांधाव्या. वरती त्याच पट्टीचा दुसरा तुकडा, त्यावर रबरी नळी चढवून, बॅटरीच्या पाठीवर आडवा टाकून सळयांस आवळावा. टर्मिनलें दोन्ही टोंकांस व पट्टी मध्यावर, अशी रचना ठेवावी, आणि घरांच्या बुचांचीं वायुछिद्रें पट्टीखालीं दाबलीं जाऊं देऊं नयेत. ह्या योजनेनें बॅटरी थेट गाडीस बांधली जाते. पेटी तडकली तरी बॅटरी जागची हलत नाहीं. नट मात्र बेतानें आवळावे, अन्यथा बॅटरीचें खोकेंच दबून चिरतें.

तारांचा विचार :— बॅटरी मागें गेली कीं स्टार्टरची तार लांब होते, आणि लांब तारेंत दाब वाया जातो. स्टार्टर २०० अँपियर प्रवाह ओढीत असतां ३ मीटर लांबीच्या १६ चौरस मि.मी. तांब्याच्या तारेंत सुमारें ०.६६ व्होल्ट, २५ च्या तारेंत ०.४२ व्होल्ट, ३५ च्या तारेंत ०.३० व्होल्ट व ५० च्या तारेंत ०.२१ व्होल्ट इतका दाब नाहींसा होतो. आम्ही ५० ची तार घेतली. ३५ च्या खालीं जाऊं नये असा आमचा सल्ला आहे. तार फळींतून किंवा पत्र्यांतून जेथें जेथें जाईल तेथें तेथें भोंकास रबरी कडी बसवावी, आणि वीतवीतभर अंतरावर पट्ट्यांनीं ती सांगाड्यास बांधावी. ही तार घांसून उघडी पडली तर मध्यें अडविणारें कांहीं नसतें. बॅटरी हजाराहून अधिक अँपियर प्रवाह देऊं शकते व तार पाहतां पाहतां लाल होते. दिवे, भोंगा वगैरेंच्या तारांस बॅटरीजवळच वीतभर अंतराच्या आंत फ्यूज घालावा. सांगाड्यास जाणाऱ्या तारेंत एक मोठी तोडकळ, म्हणजे बॅटरी अलग करण्याचा स्विच, पेटीच्या बाहेर हातास येईल असा बसवावा. स्विच पेटीच्या आंत बसवूं नये. त्याची ठिणगी वायूंत पडेल.

बॅटरी सोडतांना सांगाड्यास जोडलेला ध्रुव प्रथम सोडावा, आणि जोडतांना तोच सर्वांत शेवटीं जोडावा. हा क्रम पाळला म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी शॉर्ट होत नाहीं. हातांतील आंगठी व कडें आधीं काढून ठेवावें.

पेटीची परीक्षा :— बॅटरी बसविण्यापूर्वीं रिकाम्या पेटीवर झांकण ठेवून खालच्या भोंकाशीं पेटलेली उदबत्ती धरावी. धूर आंत शिरून वरच्या फटींतून बाहेर आला म्हणजे वायुमार्ग बरोबर आहे. ही परीक्षा रिकाम्या पेटीवरच करावयाची. बॅटरी आल्यानंतर पेटीजवळ उदबत्ती, विडी, काडी कांहींहि नको. बॅटरी बसविल्यावर ती दोन्ही हातांनीं धरून चहूंकडे हिसडून पहावी. गाडी हलावी, बॅटरी हलूं नये. तदनंतर मल्टिमीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन ध्रुवावर व दुसरें स्टार्टरच्या टर्मिनलवर धरून दुसऱ्या मनुष्याकडून स्टार्टर मारवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब दिसल्यास तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे असें समजावें. शेवटीं इंजिन चालू ठेवून बॅटरीचा दाब मोजावा. तो १४.८ व्होल्टांच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो दुरुस्त केल्यावांचून गाडी बाहेर काढूं नये, कारण बिघडलेला रेग्युलेटर वायूचा कारखानाच चालवितो.

निगा व सावधगिरी :— बाहेरच्या चार्जरनें भरतांना झांकण पूर्ण काढून ठेवावें. चिमटे लावण्यापूर्वीं व काढण्यापूर्वीं चार्जरची कळ बंद करावी, व कळ बंद केल्यावरहि कांहीं वेळ जाऊं द्यावा. डोळ्यांवर चष्मा असावा. महिन्यांतून एकदां पेटी पुसावी, नट पहावे, भोंकें मोकळीं आहेत कीं गांधीलमाशीनें घर केलें आहे तें पहावें, आणि टर्मिनलांस व्हॅसलीन लावावें. फळीवर आम्ल सांडल्यास एक लिटर पाण्यांत सुमारें १०० ग्रॅम खाण्याचा सोडा कालवून ओतावा. फेस येणें थांबलें म्हणजे स्वच्छ पाण्यानें धुवावें. हें पाणी बॅटरीच्या घरांत जाऊं देऊं नये. घरांतील पातळी उतरल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावें.

आम्ल डोळ्यांत गेल्यास सोडा, दूध, तूप असले उपचार करीत बसूं नये. पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्यानें निदान वीस मिनिटें डोळा धुवावा व लगेच डॉक्टरांकडे न्यावें. ह्यासाठीं जेथें बॅटरी भरावयाची तेथें पाण्याचा भरलेला हंडा आधींच ठेवावा.

मर्यादा :— हा पाठ १२ व्होल्टच्या एका शिशाच्या बॅटरीपुरता आहे. “देखभाल नको” अशी ख्याति असलेल्या बंद बॅटऱ्याहि जादा भरल्या असतां वायु सोडतात, म्हणून त्यांसहि वाट ठेवावी. लिथियमच्या बॅटऱ्यांची भरण्याची रीत व आगीचें स्वरूप निराळें आहे. त्यांस ही पेटी लागू नाहीं. गाडीच विजेवर चालविण्यासाठीं पुष्कळ बॅटऱ्या एका माळेंत जोडणाऱ्यांनीं, माळेचा दाब ६० व्होल्टांपलीकडे गेला कीं त्याचा स्पर्शहि प्राणघातक होऊं शकतो हें ध्यानांत ठेवून जाणत्याच्या देखरेखीवांचून त्या कामास हात घालूं नये.

वरील पेटीस दोन दिवसांचें सुतारकाम व रंग वाळण्याचे तीन-चार दिवस पुरतात. ज्यांच्या गाडींत पूर्वींच पेटी आहे त्यांनीं नवी करण्याचीहि त्वरा करूं नये. आज संध्याकाळीं दोनच गोष्टी पहाव्या : झांकणाखालीं बोट जाईल इतकी फट आहे कीं नाहीं, आणि बॅटरी हिसडली असतां ती हलते कीं गाडी. फट नसेल तर झांकण काढून बाजूस ठेवावें, व टर्मिनलांवर जाड रबराचा तुकडा बांधून ठेवावा. बॅटरी हलत असेल तर ती आवळेपर्यंत गाडी उभीच राहूं द्यावी. माझ्या पहिल्या पेटीचें तें रबर लावलेलें झांकण आमच्या पडवींत खुंटीस टांगलेलें आहे. नवी पेटी माझ्या पुतण्यानें केली, आणि तिच्या झांकणाखालचे चार ठोकळे त्यानें सर्वांच्या आधीं कापले.